दोन अठ्ठावीस : सायकलीच्या परदेशी मालाचा एक लहानसा इतिहास

स्वस्त वस्तूंचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं. हिरे, रेशीम, केशर, अत्तरें ह्यांच्या व्यापारावर विद्वान् मंडळी आवडीनें लिहितात. परंतु बेताच्या प्राप्तीच्या गृहस्थास परवडेल अशा भावानें समुद्रापलीकडून येणारा माल कोणत्या वाटेनें आला, तो कोणीं आणला, आणि मोडल्यावर त्याची दुरुस्ती कोणीं केली, ह्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक पाहतां समाजाच्या रोजच्या जीवनाचें चित्र हिऱ्यांपेक्षां असल्या मालांतच अधिक स्पष्ट उमटलेलें असतें. सायकल हा असाच एक माल आहे. तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याची बुद्धि मला झाली, ती बारामतीस घडलेल्या एका लहानशा प्रसंगामुळें. तो प्रसंगच प्रथम सांगतों.

गेल्या हिंवाळ्यांत बारामतीस बहिणीच्या घरीं चार-आठ दिवस राहण्याचा योग आला. माझा भाचा एका साखर-कारखान्याच्या प्रयोगशाळेंत नोकरीस आहे. दर रविवारीं पहांटे चार-सहा मित्रांसह तो सायकलीवर निघतो. भवानीनगर, लासुर्णें, निमगांव केतकी ह्या वाटेनें इंदापूर गांठतो आणि ऊन चढण्याच्या आंत परत फिरतो. त्याची स्वतःची सायकल नव्या धाटणीची, हलकी व अनेक गियरांची आहे. परंतु ह्या वर्षीं त्यानें आणखी एक बेत केला होता. त्याचे आजोबा, म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, इंदापूर तालुक्यांत शिक्षक होते. नोकरीच्या आरंभीं जुन्या बाजारांत घेतलेली त्यांची काळी, उंच, विलायती बी. एस. ए. सायकल, पुढच्या नळीवरील तीन बंदुकांच्या चिन्हासह, माळ्यावर पडून होती. आजोबा आतां नव्वदीच्या घरांत आहेत. दृष्टि अधू झाली आहे. पण त्या सायकलीच्या घंटेचा आवाज आपण अजून ओळखूं, असें ते म्हणतात. त्यांच्या वाढदिवसापूर्वीं ती चालती करून अंगणांत त्यांच्यापुढें उभी करावयाची, असा भाच्याचा मनोदय होता.

त्यासाठीं त्यानें इंटरनेटवरील एका परदेशी विक्रेत्याकडून माल मागविला होता. पुडकें माझ्यासमोरच उघडलें गेलें. त्यांत तीन वस्तु निघाल्या : एक टायर, क्रँकच्या मधला, छर्ऱ्यांसकट एका नळकांड्यांत बंद केलेला अॅक्सल, आणि रविवारच्या रपेटीसाठीं बुडाशीं गादी शिवलेली एक तंग चड्डी. पुण्याच्या दुकानांतील भावापेक्षां हा सारा माल बराच स्वस्त पडला होता, म्हणून घरांत आनंद होता. संध्याकाळीं आम्ही सायकल व तें सामान घेऊन पेठेंतल्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. त्यानें टायर हातीं घेतला, चाकाच्या रिमेवर धरून पाहिला आणि न बोलतां बाजूस ठेवला.

"काय झालें, मिस्त्री?" भाच्यानें विचारलें.

"दादा, ह्यो बसायचा न्हाई."

"अहो, अठ्ठावीसच आहे. हा पाहा, वर आंकडा लिहिला आहे!"

"आठ्ठावीस खरं. पर कंचं आठ्ठावीस? आठ्ठावीस दोन असत्यात."

घरीं येऊन चड्डी अंगास लावून पाहिली, तर तीहि एका मापानें लहान. माल परत धाडण्याचा खर्च किती म्हणून चौकशी केली, तर तो मालाच्या किंमतीहून अधिक. वाढदिवसास सहा दिवस उरले होते, आणि स्वस्त म्हणून घेतलेल्या तीन वस्तूंपैकीं दोन निरुपयोगी ठरल्या होत्या.

रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मिस्त्रीचे ते शब्द मनांत घोळूं लागले. अठ्ठावीस दोन असतात. एकाच आंकड्याचीं दोन मापें जगांत कशीं झालीं, आणि त्यांतलें एक नेमकें बारामतीस कसें येऊन राहिलें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें म्हणजे शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

१८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली ह्यानें 'रोव्हर' नांवाची सायकल तयार केली. पुढचें चाक पुरुषभर उंच आणि मागचें वीतभर, असें तें जुनें धोकेबाज वाहन मागें पडून, दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं व मागचें चाक सांखळीनें फिरणारें, अशी आजची आकृति तेव्हांपासून रूढ झाली. योगायोग असा कीं, त्याच सुमारास बारामती व इंदापूरच्या माळांवर नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी खेळूं लागलें. ह्या दोन घटनांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. परंतु पुढें एकीनें दुसरीस गिऱ्हाईक पुरविलें. कालव्यामागोमाग ऊंस आला, उंसामागोमाग गुऱ्हाळें आलीं, गुळामागोमाग पेठेंत पैसा खेळूं लागला. आणि कालव्याच्या कांठानें, शेताशिवारांतून रोज दहा-वीस मैल हिंडणाऱ्या माणसांस पायांहून जलद व घोड्याहून स्वस्त असें वाहन हवेंसें झालें.

स्टार्लीच्या सायकलीस भरीव रबराच्या धांवा होत्या. त्यांत हवा भरण्याची युक्ति १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नामक पशुवैद्यानें काढली. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीस त्यानें हवेची रबरी नळी बसविली, आणि तेथून टायर व ट्यूब हीं नांवें जगभर पसरलीं. बेलफास्ट हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ह्या हकीकतीच्या उत्तरार्धांत तें पुन्हां एकदां येणार आहे.

आपल्या मराठी मुलखांत सायकलीच्या व्यापाराचा आरंभ शोधतांना एक मोठें नांव भेटतें, तें लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक असतां मुंबईंत सायकली विकत घेऊन बेळगांवीं आपल्या बंधूंकडे धाडीत, आणि रामूअण्णा त्या तेथें विकीत, इतकेंच नव्हे तर गिऱ्हाइकास चालविण्यासहि शिकवीत. पुढें नांगर, पंप व यंत्रें ह्यांनीं विख्यात झालेल्या ह्या उद्योगघराण्याची पहिली पायरी म्हणजे १८८८ सालचें हें सायकलीचें दुकान होय. ह्या गोष्टींत एक मर्म आहे. परदेशांतून आलेली वस्तु नुसती विकून भागत नसे. ती जोडून द्यावी लागे, चालवावयास शिकवावी लागे, आणि मोडली तर नीट करून द्यावी लागे. विकणारा आणि दुरुस्त करणारा हे एकाच ओट्यावर बसत असत.

विलायतेहून माल येण्याची वाट त्या काळीं ठरलेली होती. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री येथील कारखान्यांचीं सचित्र मूल्यपत्रकें मुंबईच्या आयात करणाऱ्या पेढ्यांकडे येत. पेढीवाला मागणी नोंदवून घेई, बोटीनें आलेल्या पेट्या बंदरावर उतरवून घेई, जकात भरी, आणि मग तो माल पुणें, सोलापूर, कोल्हापूर येथील दुकानदारांस पुरवी. ज्यांच्या गांवीं दुकान नसे ते टपालाच्या व्ही. पी. नें सामान मागवीत. ही पद्धति आपल्या टपालखात्यानें १८७७ सालींच सुरू केली होती. पुडकें हातीं पडल्यावर पोस्टमनाजवळ पैसे द्यावयाचे, अशी तींत सोय असल्यामुळें आडगांवच्या गिऱ्हाइकासहि न पाहिलेल्या दुकानदारावर विश्वास टाकणें शक्य झालें. आजच्या काळांत घरपोंच मालावर रोख पैसे घेण्याच्या पद्धतीचें कौतुक होतें. परंतु ती नवी नव्हे, पणजोबांच्या वेळची आहे.

१९१४ सालीं दौंड-बारामती ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली आणि बारामतीची पेठ मुंबईच्या बंदरास जोडली गेली. इंदापुरास रेल्वे नाहीं. तें पुणें-सोलापूर रस्त्यावर आहे, आणि त्या तालुक्याचें स्टेशन म्हणजे भिगवण. पुढें १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांतील कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद ह्यांचा साखर-कारखाना उभा राहिला व वालचंदनगर वसलें. कारखान्याच्या भोंग्यास वेळेवर हजर राहावयाचें तर सायकलीसारखें साधन नाहीं. शिक्षक, पोस्टमन, कालव्याचे कारकून, कारखान्याचे कामगार, आणि पाठीमागें दोन्ही बाजूंस कासंड्या लटकावलेला दूधवाला, अशा सर्वांच्या घरांत ती हळूहळू शिरली. शहरांत ती हौस होती. ह्या भागांत ती भाकरीचें साधन झाली.

ह्या सायकलींचीं नांवें आजोबांच्या पिढीस मुखोद्गत होतीं : बी. एस. ए., रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स. त्यांतील बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मूळचा हा बंदुकांचा कारखाना, आणि म्हणूनच त्याच्या चिन्हांत तीन बंदुका. सायकलीचे भागहि निरनिराळ्या गांवचे. बैठक ब्रुक्सची, दिवा लूकसचा, टायर डनलॉपचा. १९३० नंतर ह्या विलायती मालाच्या शेजारीं स्वस्त जपानी माल येऊन बसला, आणि गिऱ्हाइकापुढें प्रथमच तो प्रश्न उभा राहिला, जो आज माझ्या भाच्यापुढें आहे : महाग व खात्रीचें घ्यावें, कीं स्वस्त घेऊन नशिबावर हवाला ठेवावा?

त्या सायकलीची घडणहि पाहण्यासारखी आहे. इंग्लंडच्या रस्त्यांवर हलक्या सायकली धांवूं लागल्या, तरी पूर्वेकडील देशांसाठीं मात्र उंच, जड, सळ्यांच्या ब्रेकांची, जाड टायरांची सायकलच तयार होत राहिली. खडीचा रस्ता, बैलगाडीची चाकोरी, मागें धान्याचें पोतें आणि पुढें मूल, हें सारें तिला सोसावयाचें होतें. तिच्या चाकाचें माप अठ्ठावीस गुणिलें दीड इंच. हें पहिलें अठ्ठावीस. ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास मोजला तर ६३५ मिलिमीटर भरतो.

दुसरें अठ्ठावीस फ्रान्सचें. तेथील कारखानदार टायरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरांत सांगत आणि जाडीसाठीं पुढें एक अक्षर जोडीत. ह्यांतूनच 'सातशें सी' हें माप निघालें. त्याच्या रिमेच्या कडेचा व्यास ६२२ मिलिमीटर. शर्यतीच्या व हौशी सायकलींकरितां पुढें तेंच जगांत सर्वत्र चाललें; आणि बाहेरून मोजल्यास तेंहि जवळजवळ अठ्ठावीस इंच भरत असल्यामुळें युरोपांतील कारखाने त्याच्यावरहि अठ्ठावीस असाच आंकडा छापतात. फरक अवघा तेरा मिलिमीटरांचा, बोटाच्या रुंदीएवढा! परंतु लहान व्यासाचा टायर मोठ्या रिमेवर कितीहि बळ केलें तरी चढत नाहीं. मिस्त्रीस मिलिमीटर ठाऊक नव्हते; पण त्याच्या हातास ते ठाऊक होते.

मग जगानें माप बदललें तेव्हां आपण कां बदललें नाहीं? ह्याचें उत्तर आपल्या स्वदेशीच्या इतिहासांत आहे. १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कापडाची होळी झाली. परंतु कापडाऐवजीं चरखा व माग पुढें करतां आला, तसा सायकलीऐवजीं पुढें करण्यास आपणांपाशीं कांहीं नव्हतें. आणि म्हणून स्वदेशीचा प्रचार करीत गांवोगांव फिरणारा स्वयंसेवकहि बहुधा परदेशी सायकलीवरच बसलेला असे. ही उणीव भरून निघण्यास फार वर्षें लागलीं. १९३९ सालीं मुंबईंत वरळीस हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. पाठोपाठ महायुद्ध आलें. बोटी अडल्या, मलाया पडल्यावर रबर दुर्मिळ झालें, आणि जुने टायर शिवून, ठिगळें लावून वापरण्याची कला आपल्या मिस्त्रींनीं कमालीस नेली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर परवान्यांचें नियंत्रण आलें आणि परदेशी कारखान्यांस येथेंच भागीदारी करणें भाग पडलें : मद्रासजवळ हर्क्युलिस १९५१ पासून, आसनसोल येथें सेन-रॅले १९५२ पासून. १९५१ सालींच सोनीपतची अॅटलास निघाली. फाळणीनंतर पंजाबांत येऊन स्थिरावलेल्या कारागिरांनीं लुधियाना हें सुट्या भागांचें आगर बनविलें. तेथें १९५६ त मुंजाल बंधूंनीं हीरो सायकल्स काढली, आणि तीस वर्षांत ती संख्येनें जगांतली सर्वांत मोठी सायकल-उत्पादक कंपनी म्हणून नोंदली गेली.

ह्या बंदिस्त बाजाराचे तोटे पुष्कळ झाले. नवी सुधारणा आली नाहीं. आजोबांची सायकल आणि नातवाची पहिली सायकल ह्यांत रंगाखेरीज भेद राहिला नाहीं. परंतु एक मोठा लाभहि झाला, आणि तो कोणीं फारसा बोलून दाखविलेला नाहीं. माप न बदलल्यामुळें काश्मिरापासून कन्याकुमारीपर्यंत कोणत्याहि खेड्यांत कोणत्याहि सायकलीचा भाग मिळूं लागला. बारामतीची चेन इंदापुरास चाले, लुधियान्याचें फ्रीव्हील बर्मिंगहॅमच्या सायकलीस बसे. गरिबाच्या वाहनास स्वस्त किंमतीहून ह्या सोयीचा आधार अधिक होता.

पोशाखाचाहि येथेंच विचार केला पाहिजे. कारण सायकल घेणें आणि सायकलीस साजेसें नेसणें हे प्रश्न आपल्याकडे आरंभापासून जोडलेले आहेत. धोतराचा सोगा चेनींत अडकून पडणें हा एका पिढीचा सार्वत्रिक अनुभव होता. कोणी धोतर गुडघ्यापर्यंत खोंवीत, कोणी पाटलोणीच्या घोट्याशीं पत्र्याची चिमटी लावीत. संपूर्ण चेन झांकणारें पत्र्याचें कव्हर आपल्याकडे इतकें लोकप्रिय झालें, त्याचें श्रेय धुळीबरोबरच धोतरास दिलें पाहिजे. स्त्रियांसाठीं मधला दांडा खालीं वळविलेली सायकल आली आणि मागच्या चाकावर पदर अडकूं नये म्हणून जाळी आली. म्हणजे येथें पोशाख सायकलीप्रमाणें बदलला नाहीं. सायकलच पोशाखाप्रमाणें बदलली.

शर्यतीच्या पोशाखाचा वंश निराळा. लोंकरीची तंग काळी चड्डी आणि आंतून मऊ कातड्याचा तुकडा, ही युरोपांतील खेळाडूंची पद्धति. १९५८ सालीं अमेरिकेंत ताणला जाणारा लायक्रा धागा निघाला आणि कांहीं वर्षांनीं लोंकरीची जागा त्यानें घेतली. कातड्याची जागा कृत्रिम गादीनें घेतली. ह्या चड्डीस प्रथम पाहणारे खेड्यांतील लोक हंसतात. परंतु तीन-चार तास बैठकीवर काढणाऱ्यास तिचा उपयोग कळतो. शिवण मांडीस कांचत नाहीं व घाम लौकर वाळतो. तथापि अशा तऱ्हेच्या कपड्याशिवाय दूर जातां येत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा ह्या तिघांनीं सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चांत मुंबई गांठली. सुमारें एकाहत्तर हजार किलोमीटरांचा तो प्रवास लायक्राच्या जन्मापूर्वींचा आहे.

आतां आजच्या काळाकडे वळूं. १९९१ नंतर परवान्यांचें राज्य ढिलें होत गेलें आणि १ एप्रिल २००१ रोजीं आयातीच्या संख्येवरील उरलीं-सुरलीं बंधनें बहुतांशीं उठलीं. पाठोपाठ इंटरनेटचा प्रसार झाला. मुंबईच्या पेढीच्या मूल्यपत्रकाची जागा पडद्यावरील यादीनें घेतली. बेलफास्टजवळ अँट्रिम परगण्यांत १९८४ सालीं एका खेड्यांत निघालेलें सायकलीचें लहानसें दुकान 'चेन रिअॅक्शन सायकल्स' ह्या नांवानें जगांतल्या मोठ्या ऑनलाइन दुकानांत गणलें जाऊं लागलें आणि आपल्या देशांतील हौशी तरुण तेथून माल मागवूं लागले. ज्या परिसरांत हवेचा टायर जन्मला तेथूनच सव्वाशें वर्षांनीं त्याचीं पुडकीं आपल्याकडे येऊं लागलीं. दुसऱ्या बाजूनें चीन व तैवान येथील विक्रेते आले. त्यांचा भाव आणखी कमी.

परंतु हीं दुकानें जितक्या लवकर आलीं तितक्याच लवकर डळमळलींहि. २०१९ च्या डिसेंबरांत, भेटवस्तु म्हणून टपालानें बिनजकात माल आणण्याची सवलत सरकारनें राखी व जीवरक्षक औषधें वगळून बंद केली. तिचा गैरवापर होऊं लागला होता. २०२० सालीं महामारी आली. जगभर सायकलींची मागणी वाढली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत 'अलीएक्सप्रेस' ह्या चिनी बाजारावर आपल्या सरकारनें बंदी घातली. आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत तें बेलफास्टजवळचें दुकान व इंग्लंडांतील 'विगल' ह्यांची एकत्र झालेली कंपनी दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखालीं गेली. समुद्रापलीकडचा दुकानदार कितीहि मोठा असला तरी तो आपल्या गल्लींतला नव्हे.

ह्या साऱ्या इतिहासांतून मला एक गोष्ट उमगली ती अशी. पूर्वीं गिऱ्हाइकाच्या व परदेशी कारखान्याच्या मध्यें तीन माणसें होतीं : मुंबईचा पेढीवाला, गांवचा दुकानदार आणि ओट्यावरचा मिस्त्री. ते तिघे आपापला नफा घेत, म्हणून वस्तु महाग पडे. परंतु त्या नफ्याच्या बदल्यांत पहिला बंदराची व जकातीची काळजी वाही, दुसरा वस्तु बदलून देई, आणि तिसरा ती बसेल कीं नाहीं हें आधींच सांगे. आज मधलीं तिन्ही माणसें वगळून आपण नफा वांचवितों. पण त्यांचें काम नाहींसें होत नाहीं, तें आपल्यावर येऊन पडतें. पडद्यावर बोट ठेवून माल मागविणारा गृहस्थ त्या क्षणापुरता स्वतःच आयात करणारा व्यापारी झालेला असतो, आणि हें त्याच्या गांवींहि नसतें.

व्यापारी व्हावयाचें तर व्यापाऱ्यासारखा हिशेब आला पाहिजे. जकात केवळ वस्तूच्या किंमतीवर नसते. किंमत, वाहणावळ व विमा ह्यांच्या बेरजेवर ती बसते, आणि जकातीसह होणाऱ्या रकमेवर पुन्हां वस्तु-सेवा कर. वर कुरिअरवाल्याचें शुल्क निराळें. म्हणून वजनदार व स्वल्पमोल वस्तु, जशा टायर, ट्यूब, मडगार्ड, समुद्रापलीकडून आणण्यांत हंशील नाहीं. ज्या वस्तु झिजतात व वारंवार लागतात, जसे ब्रेकचे रबर किंवा चेन, त्या जेथें उद्यां पुन्हां मिळतील तेथेंच घ्याव्या. परदेशांतून मागवावयाचें तें हलकें, बहुमोल, दीर्घकाळ टिकणारें आणि मापाविषयीं ज्यांत तिळमात्र शंका नाहीं असें असावें. टायरवर अठ्ठावीस काय लिहिलें आहे तें पाहूं नये. त्याच्या कडेवर ६३५ अथवा ६२२ असा मिलिमीटरांतला आंकडा कोरलेला असतो, तो वाचावा. कपड्याच्या बाबतींत 'मध्यम' व 'मोठा' ह्या शब्दांवर विसंबूं नये. एका देशाचा मोठा तो दुसऱ्या देशाचा मध्यम असतो. शिंप्याप्रमाणें टेप घेऊन छाती, कंबर व नितंब मोजावे आणि विक्रेत्याच्या तक्त्याशीं ताडून पाहावें.

आणि सर्वांवर, आपल्या भूमीचा विचार करावा. बारामती-इंदापूरच्या पूर्वेकडचा भाग कोरडा. कालव्याबाहेर पाऊल टाकलें कीं बाभळी लागतात. बाभळीचा कांटा आणि सराटा हे ह्या मुलखांतील ट्यूबचे परंपरागत वैरी आहेत. शर्यतीसाठीं बनविलेला पातळ परदेशी टायर गुळगुळीत डांबरी रस्त्यावर उत्तम. उंसाच्या गाड्यांनीं उखडलेल्या कडेवरून व शेतवाटेनें जातांना तो अर्ध्या तासांत दगा देतो. अशा वेळीं पंक्चर काढणारा जवळ नसेल तर त्याची स्वस्ताई कोणत्या कामाची?

इतकें लिहिल्यावर परदेशी माल वाईट असा निष्कर्ष कोणी काढील, म्हणून तिसऱ्या वस्तूची हकीकत सांगणें अवश्य आहे. टायर व चड्डी फसली. परंतु तो क्रँकचा अॅक्सल अजून उरला होता. दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीनें सायकल उलटी केली, जुन्या कॉटर पिना ठोकून काढल्या, गंजलेल्या वाट्यांवर रॉकेल सोडलें आणि तासाभरानें त्या मोकळ्या केल्या. उजवीकडची वाटी काढतांना त्यानें पाना उलट्या दिशेनें फिरविला. त्या बाजूचे आटे डावे असतात. मग नवा भाग हातीं घेऊन, पान्याशिवाय, नुसत्या बोटांनीं त्यानें तो आंत फिरविला. तो लोण्यांत सुरी जावी तसा गेला.

मीं खोका उचलून वाचला. पूर्वेकडील एका देशांत नुकत्याच तयार झालेल्या त्या वस्तूच्या खोक्यावर आट्यांचें माप छापलें होतें, आणि त्यापुढें तीन अक्षरें होतीं : बी. एस. ए. त्या काळच्या विलायती कारखान्यांत आट्यांचीहि एकवाक्यता नव्हती. रॅले आपलें माप निराळें ठेवी. परंतु बी. एस. ए. नें आपल्या भागांचे जे आटे ठरविले ते हळूहळू इतरांनीं स्वीकारले. बंदुकांचा तो कारखाना पुढें सायकलीच्या धंद्यांतून निघून गेला व १९७३ त त्याचा कारभारहि आटोपला. त्याचें साम्राज्य गेलें, त्याचें नांव येथें दुसऱ्याच्या सायकलीवर उरलें; पण त्याच्या आट्यांचें माप मात्र अद्यापि जगभर चालू आहे. शंभर वर्षांपूर्वीं एका गांवच्या कारागिरांनीं प्रामाणिकपणें ठरविलेलें माप, दुसऱ्या खंडांतल्या कारागिरांनीं पाळलें, म्हणून तिसऱ्या ठिकाणीं बारामतीस एक जुनी सायकल पुन्हां फिरूं लागली. परदेशाशीं व्यापार करावा कीं न करावा, हा वाद मला त्या क्षणीं फार लहान वाटला. माप एक असेल आणि तें जाणणारा मनुष्य जवळ असेल, तर सातासमुद्रांपलीकडची वस्तुहि घरची होते. ह्यांतलें एक नसेल, तर शेजारच्या गांवची वस्तुहि परकीच.

टायरचा प्रश्न मिस्त्रीनेंच सोडविला. छपराच्या आढ्यास टांगलेल्या टायरांच्या जुडींतून त्यानें अठ्ठावीस गुणिलें दीडचा एक देशी टायर ओढून काढला. तो परदेशी टायरच्या निम्म्याहून कमी किंमतीचा होता. परदेशी टायर भाच्याच्या एका मित्राच्या नव्या सायकलीस नीट बसला. चड्डी त्याहून धाकट्या मित्रास झाली. पैसे अर्धेमुर्धे वसूल झाले.

वाढदिवसाच्या सकाळीं सायकल अंगणांत उभी केली. आजोबांस हात धरून ओसरीवर आणलें. कोणी कांहीं बोललें नाहीं; भाच्यानें नुसती घंटा वाजविली. आजोबांनीं मान वळविली, क्षणभर ऐकलें, आणि म्हणाले, "अरे, साडेनऊ झाले काय? शाळेस उशीर होईल."

मग त्यांनीं हात पुढें करून टायर चांचपला, अंगठ्यानें दाबून हवा पाहिली, आणि तो कोणाकडून बसविला असें विचारलें. मिस्त्रीचें नांव ऐकल्यावर त्यांचें समाधान झालें. टायर कोणत्या देशाचा, हें त्यांनीं विचारलें नाहीं.